टेंटर गल्लीतली चौदा उबदार घरं

थेल्मा आर्मिटेजच्या दाराला दोन कुलपं आणि वर एक साखळी. मीटर बघणारा येवो, नाहीतर चर्चची वर्गणी मागणारी येवो, दार चार बोटं उघडायचं आणि फटीतून आवाज यायचा, "आधी कार्ड दाखव." दाखवलेलं कार्ड ती उलटंपालटं करून, उजेडाला धरून बघायची आणि मगच ठरवायची. बहुतेक वेळा नाहीच ठरवायची.

तिचा तरी काय दोष म्हणा. इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या लोकरीच्या गिरणीत तिनं एकतीस वर्षं रफूचं काम केलं. समोर तागा पसरायचा, त्यावरून बोटं फिरवायची आणि डोळ्यांना न दिसणारी गाठ शोधून काढायची. गिरणी बंद पडली, पण बोटांची खोड गेली नाही. काही फार गुळगुळीत दिसलं की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच.

त्यात ऑक्टोबरात दारातून संस्थेचा अहवाल आत पडला. टेंटर गल्लीतली सगळी घरं या संस्थेची, स्वस्त भाड्यानं दिलेली. लोकांचं किती भलं केलं, हवेतला धूर किती कमी केला, हे संस्था दरवर्षी जाड कागदावर छापते. बाविसाव्या पानावर गल्लीचा फोटो होता. आभाळ असं निळं, की हडर्सफील्डच्या माणसानं तिथेच ओळखावं, कुणीतरी फोटोवर हात फिरवलाय. खाली लिहिलं होतं: चौदा घरं, चौदाही उबदार, ऊब धरण्याच्या ए ते जी मोजणीत सगळी सी श्रेणीत.

"उबदार म्हणे," थेल्मा एकटीच म्हणाली. "यांना एक रात्र झोपवायला हवं बेरिलच्या खोलीत."

बेरिल तिची थोरली बहीण. दोघी बेचाळीस वर्षं एकत्र राहत होत्या. बेरिलच्या खोलीची भिंत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत बुरशीनं काळी झाली होती. थेल्मा दर शनिवारी ती घासायची, आठवड्यात बुरशी परत यायची. छातीच्या दुखण्यानं बेरिल यंदा तिसऱ्यांदा इस्पितळात गेली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, खोली कोरडी होत नाही तोवर घरी पाठवणार नाही. तिला वृद्धाश्रमात ठेवलं. हिवाळाभर वाट बघू, नाहीतर मग तिथलीच.

आणि नेमकं याच हिवाळ्यात संस्था भिंतींना बाहेरून जाड अस्तर लावणार होती. पण ते फक्त डी आणि त्याखालच्या घरांना. थेल्मानं अर्ज केला, तर उत्तर आलं, आपलं घर आधीच सी श्रेणीत आहे, अभिनंदन.

"अभिनंदन!" त्या शब्दानं तिचं डोकंच फिरलं. इथे काहीतरी पाणी मुरतंय, याबद्दल तिला शंका उरली नाही. अहवाल पिशवीत घालून ती संस्थेच्या कचेरीत गेली आणि शबनम नावाच्या मुलीपुढे बाविसावं पान आपटलं.

"हे कुणी मोजलं? माझ्या घरात कुणी पाऊल टाकलेलं नाही. मी टाकूच दिलेलं नाही."

शबनमनं संगणकात शोधलं. मग ती जरा अडखळली.

"थेल्मा, तुम्ही रागावू नका. इथे लिहिलंय, सर्व्हेवाला तीनदा येऊन गेला. दार उघडलं नाही. मग शेजारच्या तशाच घराचे आकडे घेतले. सगळेच असं करतात, घरं एकसारखी असतील तर."

"कुठल्या घराचे?"

"नऊ नंबरच्या."

नऊ नंबर म्हणजे क्लॅरेन्स. बायको आजारी असताना त्यानं स्वतःच्या हातानं आतून भिंतींना फळ्या आणि लोकर ठोकून घेतली होती. त्याचं घर उबदारच होतं.

"आणि बाकीची बारा?"

"तीही नऊ नंबरवरूनच. गल्लीत एकट्या क्लॅरेन्सनं दार उघडलं होतं."

थेल्माला तो माणूस आठवला. टॉर्चवाला, पिवळ्या जाकिटातला. पडद्याआडून तिनं त्याला पावसात उभा असलेला पाहिला होता. वर गल्लीभर फिरून सांगितलं होतं, कुणी उघडू नका गं, हे लोक घरं हेरून जातात. त्या दिवशी तिला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! अहवालात खोट होती हे खरंच. पण ती गाठ तिच्याच हातची निघाली.

"परत मोजा," ती म्हणाली.

"मोजू की. पण घरं एकमेकांना चिकटलेली, एकट्या घराला अस्तर लागत नाही. निम्मी गल्ली तरी मोजून व्हायला हवी. सर्व्हेवाला मंगळवारी येईल. लोक उघडतील ना?"

रविवारी ती बेरिलला भेटून आली. बेरिल म्हणाली, "इथे रोज कस्टर्ड देतात गं. बरं आहे." बेरिलला कस्टर्ड कधीच आवडलं नव्हतं. थेल्मा बसमध्ये रडली.

सोमवारी ती दारोदार फिरली. तीन नंबरचा पडदा हलला, दार उघडलं नाही. पाच नंबरनं आतूनच सांगितलं, "आम्ही नाही उघडत कुणाला. तूच शिकवलंस." अकरा नंबरला नॉरीन राहायची, गिरणीत शेजारच्याच टेबलावर रफू करणारी. तिथे साखळीपुरती फट उघडली.

"थेल्मा, काल नको म्हणतेस, आज हो म्हणतेस. तुला कुणी फितवलंय का?"

थेल्मानं बरोबर आणलेला बेरिलचा लोकरी कोट फटीतून आत सारला. "हात फिरव."

नॉरीनची बोटं अस्तरावरून, बगलेतून, कॉलरच्या आतून फिरत असणार, थेल्माला न बघताही कळत होतं.

"हा कपाटातला?"

"कपाटातला. जूनपासून कुणी घातलेला नाही."

"ओला आहे गं."

"हो."

नॉरीननं कोट परत दिला नाही. फटीतून तिचा एकच डोळा दिसत होता. "माझ्याही कपाटात असंच आहे. पण तू म्हणालीस, उघडू नका. तुझ्या शब्दावर मी त्या माणसाला पावसात उभा ठेवला."

थेल्माकडे उत्तरं तयार असायची. भामटे फिरतात, बातम्यांत येतं, कार्डं खोटी असतात. त्यातलं एकही तिनं बाहेर काढलं नाही.

"मी चुकले, नॉरीन," ती म्हणाली.

नॉरीननं दार लावून घेतलं. थेल्मा पायरीवर तशीच उभी राहिली. मग आतून साखळी सरकल्याचा आवाज आला.

"कोट देते, थांब," नॉरीन दार सताड उघडत म्हणाली, "आणि चल, आधी त्या पाच नंबरवालीकडे. तुझं ती ऐकायची नाही."