पडद्यावरचे हात

माझ्या आईची नखं काळी आहेत. गोविंदपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात ती लोखंडी सुटे भाग डिझेलने पुसते. ग्रीस नखांत शिरतं ते शिरतंच. साबणाने जात नाही, राखेने जात नाही. तिथल्याच एका प्रेस मशीनखाली बाबांची बोटं गेली, मग काम गेलं. पोटापाठी भंडाऱ्याहून भोपाळला आलेली माणसं आम्ही. घर आईच्या हातांवर चाललं. माझं नर्सिंगचं शिक्षणही.

तेच हात एका सकाळी वर्गातल्या पडद्यावर आले.

रिसर्चचा तास होता. केतकीच्या गटाने एका वस्तीत जाऊन स्वच्छतेचा अभ्यास केला होता. वस्ती आमची. का, तर कॉलेजपासून जवळ. पुस्तकात याला सोयीचा नमुना म्हणतात. हाताशी सापडेल तो घ्यायचा. आम्ही कायम हाताशीच असतो.

केतकीचे वडील पुण्याहून बदलीवर आलेले मोठे इंजिनिअर. माझं बोलणं ऐकून पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं, "तुमच्यात असंच बोलतात का गं?"

पडद्यावर दोन हात. मोठे करून दाखवलेले. चेहरा नाही. पण अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग मी ओळखला. खाली लिहिलेलं, साबण वापरत नाही.

मॅडम म्हणाल्या, "देखिए, पुअर हायजीन इसे कहते हैं।"

मागून कुणीतरी म्हणालं, "इसके हाथ की रोटी खाएगी कोई?"

वर्ग हसला. त्याच हातांच्या पोळ्या माझ्या डब्यात होत्या. मी डबा पायाने बाकाखाली सरकवला. लाज वाटली. आईची. ही गोष्ट मला आजही जाळते, पण लाज माझ्यात आली कुठून, हेही आता मला कळतं.

संध्याकाळी आईला विचारलं, "साबण नाही म्हणून कशाला सांगितलंस?" साबण तर मोरीवर होता.

"अवं, आहे म्हटलं तर कोनी देते का?"

बरोबरच होतं तिचं. आमच्या वस्तीत कागद घेऊन कुणी आलं, की योजना आली असंच समजतात. आहे म्हणणाऱ्याचं नाव कटतं. म्हणून सगळे नाहीच म्हणतात.

"कशासाठी विचारतायत, सांगितलं का त्यांनी?"

"नाई. सही येते म्हटलं मी. तर म्हने अंगठाच द्या, लवकर होते." मग म्हणाली, "तुह्या कॉलेजच्या पोरी म्हनून चाय टाकला होता. नाई घेतला. घाईत असतील."

घाईत नव्हत्या. मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

याच मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं. प्रश्न विचारण्याआधी हेतू सांगायचा. संमती घ्यायची. दिलेली संमती माणूस केव्हाही परत घेऊ शकतो. परीक्षेत मी हे लिहिलं होतं, पूर्ण मार्क मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला आणि मी उभी राहिले.

"मॅडम, वो हाथ मेरी माँ के हैं। फोटो हटाइए। उनके जवाब भी।"

केतकी गर्रकन वळली. "अगं, तुझी आई आहे हे आम्हाला काय माहीत!"

"माझी नसती तर चाललं असतं?"

मॅडम म्हणाल्या, "अंगूठा लगा है। कन्सेंट हो गया।"

"उनको बताया क्या था?"

"बैठ जाओ। इंटरनल मेरे हाथ में है।"

मी बसले नाही. तास संपेपर्यंत उभी राहिले. वर्गातलं कुणीही माझ्यासोबत उभं राहिलं नाही.

अहवालातून फोटो निघाला. उत्तरं राहिली. तो अहवाल बांधून कॉलेजच्या लायब्ररीत ठेवलाय. त्यात आमची वस्ती घाणेरडी आहे, अडाणी आहे. गृहीतक खोटं ठरू शकतं असं पुस्तकात म्हणतात. आमच्याबद्दलचं कधी ठरत नाही. माझे इंटरनलचे मार्क कापले गेले. वस्तीत साबण आला नाही, नळही आला नाही. कुणी विचारलं तर आई अजूनही नाहीच म्हणते. चुकत नाही ती.

मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे. आता मी भोपाळमधल्याच सोनागिरीजवळच्या वस्त्यांमध्ये नर्स म्हणून फिरते. आता कागद माझ्या हातात असतो. आधी चहा घेते. कशासाठी विचारतेय ते सांगते. यातून काही मिळणार नाही, हेही सांगते. सही येते का, विचारते. बाई नको म्हणाली तर रकाना रिकामा सोडून उठते. रिकाम्या रकान्यांबद्दल वरून बोलणी बसतात.

बसू देत. माझ्या हातून कुणाच्या आईचे हात पडद्यावर जाणार नाहीत.