कोपराला विचारून बांधलेला ओटा

लवंगी हे नाव तिला नवऱ्याने दिलं होतं. अंगाने एवढीशी आणि जिभेने तिखट, म्हणून. नवरा सुतार. लग्नानंतर या घरात आल्यावर त्याने आधी काय केलं, तर बायकोला स्वयंपाकघरात उभं करून डोळे मिटायला लावले. "हं, आता कणीक मळ." कणीक नाही, परात नाही, आणि ही बापडी हवेतच मळतेय. त्याने जमिनीवर बसून तिच्या कोपराला टेप लावला आणि त्या मापाने ओटा बांधला. "ओटा भिंतीला विचारून बांधायचा नसतो," तो म्हणायचा, "कोपराला विचारायचं."

त्या काळची घरं लहान, पण हुशार. ओट्याखालची फळी पुढे ओढली की स्टुलावर बसून भाजी चिरता यायची. इस्त्रीचं टेबल कपाटाच्या दारामागे घडी घालून उभं. एकही वस्तू फुकटचं खात नव्हती. आता कपाटं ढीगभर, आणि चमचा शोधता शोधता नाकी नऊ येतात.

सुतार गेला, ओटा राहिला. त्याच्यावर हात टेकला की लवंगीला दिवसभर धीर यायचा. अशात मुलगा म्हणाला, "आई, सोमवारी माणसं येतील. ओटा काढून नवीन करू."

"मी मेल्यावर करा काय ते," ती म्हणाली आणि मुलगा-सून दोघांशीही अबोला धरला.

शनिवारी ती बाजाराला निघाली आणि पिशवी विसरली म्हणून परत फिरली. सून कांदे चिरत होती. चांगली ताडमाड पोरगी. ओट्यावर तिने मोठं पातेलं पालथं घातलं होतं, पातेल्यावर फळी आणि फळीवर कांदे. चाहूल लागताच ती सगळं लपवायला गेली आणि कांदे जमिनीवर गडगडले.

लवंगीला आधी हसू आलं. "ही काय सर्कस?"

"वाकून पाठ भरून येते, आई. तुम्ही नसलात की असं करते."

"सांगायला काय झालं होतं?"

"बाबांनी तुमच्यासाठी बांधलाय. कोणत्या तोंडाने सांगू?"

 लवंगीला स्वतःचीच लाज वाटली. ओट्याचं कौतुक तिने साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. पण तिची पाठ दुखू नये म्हणून सुतार जमिनीवर बसून माप घेत होता, ते तिच्या लेखी कधीच मागे पडलं होतं.

तिने खिळ्यावरचा जुना टेप काढला. "सरळ उभी राहा. डोळे मीट. कणीक मळ."

सून आज्ञाधारकपणे हवेत मळू लागली. लवंगीने भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. ती खूण लवंगीच्या स्वतःच्या छातीपर्यंत आली.

"आई, मग तुमचा हात कसा पुरणार?"

"बसेन की आता. खूप राहिले उभी."

सुनेने जुनी फळी ओढून पाहिली. अजून सरसर येत होती. "ही नव्या ओट्यालाही बसवून घेऊ. तुमच्या बसल्या मापाने." तिने सासूच्या हातातला टेप घेतला आणि जमिनीवर बसली. "डोळे मिटा."

लवंगीने स्टुलावर बसून डोळे मिटले आणि हात हलवायला सुरुवात केली. टेपाची थंड पट्टी कोपराला लागली.

"झालं, आई," सून म्हणाली. लवंगी मात्र मळतच राहिली.