चिकूच्या ढिगाशेजारची खुर्ची

माझ्या कमरेवर वीतभर व्रण आहे. मणके जोडायचं माझं ऑपरेशन झालं ते पाठ उघडून. अख्खा उन्हाळा मी पलंगावर काढला. घोलवडच्या घरी शेजारणी व्रण बघायला यायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. त्या व्रणाने मला एकच गोष्ट मिळवून दिली, ती म्हणजे शेडमध्ये चिकूच्या ढिगाशेजारी खुर्ची. बाकीच्या बायका जमिनीवर बसून चिकू निवडतात, मी एकटी खुर्चीत. मला शेठाणी म्हणून चिडवतात. चिडवू देत.

यंदा धाकट्या जावेची कंबर गेली. तीच मणक्यांची झीज, तीच पायात उतरणारी कळ. तिला वापीला नेलं. तिथे दुर्बिणीतून ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी बाई आपल्या पायांनी संडासला गेली. दिराने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी "बरं झालं हो" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मला कूस बदलायलासुद्धा दोन माणसं लागायची.

घरी आल्यावर तिने पाठ दाखवली. बोटाच्या पेराएवढ्या तीन-चार चिरा, बस. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं.

"एवढंच? करवंदीच्या जाळीत शिरलं तर याहून जास्त ओरखडतं."

जाऊ सांगत होती, की आत स्क्रू आहेत, झिजलेल्या गादीच्या जागी छोटा पिंजरा बसवलाय, हाड जुळेपर्यंत वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. म्हणजे आत अगदी माझ्यासारखंच सगळं. पण आतलं कोणी बघितलंय? आमच्या घरात दुखणं टाक्यांवर मोजतात. चिकूचा माल वाढला तशी ती काही आठवड्यांतच ढिगापाशी जमिनीवर येऊन बसली. मी माझी खुर्ची सोडली नाही. दुसऱ्याच दिवशी चालायला लागली ना, मग बस खाली, असं मनात म्हटलं. तिच्या कोऱ्या पाठीकडे बघून माझा जीव जळत होता.

एका दुपारी बायका जेवायला उठल्या. ती उठलीच नाही. हात जमिनीला टेकून तशीच राहिली, चेहरा पांढराफटक.

"ताई, मला उठता येत नाही हो."

मी खुर्चीतून उठले, हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचायला वाकावं लागत होतं आणि मी वाकू शकत नाही. आम्ही दोघी तशाच, मधे हातभर अंतर.

"तुमची पाठ बघून सगळे घाबरले," ती रडत म्हणाली. "मला वाटतं, मलाही तसंच मोठं कापायला हवं होतं."

माझ्या व्रणाचा कोणी हेवा करेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी सासूबाईंना अशी हाक मारली की बाहेरचा टेम्पोवालाही धावत आला. दोघांनी तिला बगलेत धरून उचललं. मी माझी खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली.

"अगं, तिला कशाला? तिचं तर दुर्बिणीतलं," सासूबाई म्हणाल्या.

"आत दोघींच्या तेच लोखंड आहे, आई. तिला उद्याच वापीला दाखवायचं."

जाऊ खुर्चीत टेकली, डोळे मिटले. ब्लाउजखालून दिसत होती ती तिची नितळ कंबर. मला अजूनही तिचा हेवा वाटत होता. मी भिंतीला टेकून तिच्याजवळ उभी राहिले.