दही-साखरेची परीक्षा

आमची लेक मुक्ता परदेशात नर्स व्हायला निघाली आहे. त्यासाठीची इंग्रजीची मोठी परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, चांगली तीन तास. काल मात्र तिने मोबाइलवरची पाव तासाची छोटी परीक्षा घरीच दिली. ही जमली, तरच मोठीला बसायचं असं तिने ठरवलं होतं.

बायकोने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. "चपला घाल, गेटपर्यंत जाऊन ये. घराबाहेर पडल्याशिवाय परीक्षा कसली?"

मुक्ता हसत जाऊन आली, खोलीत शिरली. बायकोने कुकर बंद केला आणि दाराशी बसून राहिली. परीक्षा छोटी की मोठी, हे बाहेर बसणाऱ्याला कुठे कळतं?

निकाल लगेच आला, छान आला. मुक्ताने मोबाइल पुढे केला. गुणांवर तिच्या अंगठ्याचा चिकट, गोड ठसा होता.