क्रांती मान्यांचा मारवा

क्रांती माने तासगाव डेपोत कंडक्टर. मुक्कामी गाडी घेऊन ती रविवारी सकाळी सांगलीत उतरली आणि तशीच, खाकी गणवेशात, तिथल्या श्रवण मंडळात जाऊन बसली. लहानपणी वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलेलं गाणं तिच्या कानात राहिलं होतं. शिकायला मात्र कधी मिळालं नव्हतं.

मंडळाचे चिटणीस हरीभाऊ लिमये आपल्या संग्रहातल्या रेकॉर्डी लावायचे आणि राग ओळखायला सांगायचे. क्रांतीनं मागून 'भूप' म्हणून सांगितलं. तो देसकार होता. स्वर तेच, पण चलन, म्हणजे स्वरांची चाल, वेगळं. हरीभाऊंनी चष्म्यावरून तिच्या गणवेशाकडे पाहिलं.

"बाई, तिकिटं फाडण्याइतकं सोपं नसतं हे."

सगळी खोली हसली. तिकिटं आता मशीनमधून निघतात, एवढंही या माणसाला ठाऊक नाही, असं तिच्या मनात आलं. परतीच्या गाडीत बसतानाच तिनं ठरवलं, याला याच खोलीत, याच माणसांसमोर खाली बसवायचं.

मोबाइलवर इंटरनेट रेडिओची केंद्रं शोधायला ती आपली आपणच शिकली. आधी आकाशवाणीचं शास्त्रीय संगीताचं केंद्र सापडलं. मग बेंगळुरूचं एक, मग कुठल्याशा परदेशातलं, जे फक्त धृपद आणि वीणा वाजवायचं. युरोपातल्या केंद्रांवरचं व्हायोलिन-पियानो पहिले काही महिने तिला अंगावर यायचं, पुढं त्याचीही गोडी लागली. ओट्यावर छोटा स्पीकर ठेवून ती भाकरी थापता थापता ऐके. निवेदक बोलायला लागला की आवाज बंद करायचा, राग आपण ओळखायचा आणि शेवटच्या निवेदनाशी ताडून बघायचा. चुकली की स्वतःवरच चिडायची. नवरा धैर्यशील द्राक्षबागेतून आला की म्हणायचा, आता बास कर. ती करायची नाही.

अशी तीन वर्षं गेली. मंडळाची बैठक ती चुकवत नव्हती. शेवटच्या रांगेत बसायची, कुणाशी बोलायची नाही. हरीभाऊ कधी चुकतात, एवढीच वाट बघायची.

माघातल्या एका संध्याकाळी त्यांनी लेबल झिजून गेलेली एक जुनी रेकॉर्ड लावली आणि पूरिया म्हणून सांगितलं. क्रांती उठून उभी राहिली. हरीभाऊंनी हातानंच बसायची खूण केली. ती बसली नाही.

"पूरिया न्हाई, मारवा हाय. गाणारा रिषभ-धैवतावर थांबतोय. पूरिया असता तर गंधार-निषादावर थांबला असता."

पाहुणी म्हणून आलेली गायिका स्वानंदी पुढंच बसली होती. तिनं रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली, डोळे मिटून ऐकली आणि हळूच म्हणाली की मारवाच आहे. हरीभाऊ यंत्राकडे वाकून कान देत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. आपल्याला नीट ऐकू येत नाही, हे त्यांनी वर्षभर लपवलं होतं आणि आता ते सगळ्यांच्याच लक्षात आलं. क्रांतीच्याही आलं. तिथं तिला थांबता आलं असतं.

"काका, हे कळायला कान लागतात," ती म्हणाली. "तुमचे गेलेत."

या वेळी कुणी हसलं नाही. हरीभाऊंनी रेकॉर्ड काढून पाकिटात घातली आणि चपला शोधत बाहेर पडले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत.

घरी तिनं सगळं सांगितलं. धैर्यशील जेवता जेवता थांबला. म्हातारा माणूस हाय, एवढंच म्हणाला.

"मग मी तवा कोण होते?" तिनं विचारलं आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

पावसाळ्यात हरीभाऊंची मुलगी श्रद्धा हिचा फोन आला. वडिलांना वरचे स्वर ऐकूच येत नाहीत, खालचे थोडे येतात. दिवसभर गप्प बसून असतात. खर्जातलं वाजवणारं एखादं केंद्र तुम्हाला माहीत असेल, असं कुणीतरी सांगितलं म्हणून फोन केला, असं ती म्हणाली.

क्रांतीला माहीत होतं. खर्जातली रुद्रवीणा तासन् तास लागायची ते केंद्र त्याच क्षणी तिच्या ओट्यावर चालू होतं. तिनं स्पीकरचा आवाज बारीक केला.

"शोधा, सापडंल," ती म्हणाली. "मीबी शोधूनच काढलं."

फोन ठेवून तिनं आवाज पुन्हा मोठा केला. आलाप खाली उतरत होता. ती उभ्यानंच शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि तिला वाईट वाटलं नाही.