शेजारच्या दारातला उमेदवार

सकाळी तिसऱ्या पक्षाचा उमेदवार शेजारच्या मंगलवहिनींच्या ओट्यावर चढला. तिन्ही पक्षांनी वहिनींच्याच समाजाचा माणूस उभा केलाय, कारण आमच्या तालुक्यात तोच समाज मोठा. आमच्या जातीची अख्ख्या गावात दोन घरं.

वहिनी त्याला ओवाळत होत्या. मी झाडू हातात घेऊन उगाच दारात रेंगाळले. बाहेर पडताना मला बघून त्याचे हात जुळू लागले, तेवढ्यात एक कार्यकर्ता त्याच्या कानाशी लागला आणि ते हात खाली आले. मी मान खाली घालून उंबरा झाडायला लागले.

दुपारी वहिनी आल्या. म्हणाल्या, "तुमचं बरंय बाई, मत कुणाला द्यायचं ते तुम्हाला कुणी सांगत नाही. आमच्यात ते समाजाच्या बैठकीत ठरतं. आम्हा बायकांना नुसतं कळवतात."

समाज मोठा असला की पक्ष दारात येतात, पण येतात ते समाजाकडे, वहिनींकडे नाही. हे मला पटलं. मतदानादिवशी मी माझ्या मनासारखं बटण दाबलं. तरी बाहेर येताना वाटत राहिलं, हे मत एकदा तरी कुणीतरी माझ्याकडे मागायला हवं होतं.