उलट फिरलेल्या भिंगऱ्या

घरात सगळे तिला लगबगकाकू म्हणत, आणि असली नावं काही उगाच पडत नाहीत. चहा गाळून व्हायच्या आत कप तोंडाला लावणारी बाई ती! तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसली. निळे स्कर्ट, पांढरे शर्ट. उरलेली कात्रणं पिशवी भरभरून घरी आणायची आणि गोधड्या शिवायची. त्यामुळे घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या निळ्या-पांढऱ्या.

हे वेड लावलं थोरल्या जाऊबाईंनी. ही नवी नवरी म्हणून आली तेव्हा हिला सुई धड ओवता येत नव्हती. जाऊबाईंनी डब्याच्या झाकणातून कापलेला एक तिरका साचा हातात ठेवला. त्यावर बेतलेली चार निळी पाती आणि चार पांढरी जोडली की चौकोनात भिंगरी फिरायला लागते. सगळ्या भिंगऱ्या उजवीकडेच फिरल्या पाहिजेत, हा जाऊबाईंचा कायदा.

"आणि कापड घडी घालून कापायचं नाही हं! एका कापात दोन पाती मिळतात, पण खालचं उलटं निघतं. स्कर्टच्या कापडाला एक बाजू तुकतुकीत, दुसरी निस्तेज. त्यामुळे पालथं घालूनही भागत नाही."

तीनदा उसवायला लावलं होतं तेव्हा.

त्याच जाऊबाईंचा एक डोळा कधीचाच गेलेला. आता दुसऱ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, "पट्टी निघेपर्यंत काही सांगता येत नाही." पट्टी निघायला चार दिवस. काकूने लगेच पदर खोचला. पट्टी निघाली की पहिली दिसेल ती भिंगऱ्यांचीच गोधडी!

चार दिवस मशीन नुसती धडधडत होती. जेवण एका हाताने, सुई दुसऱ्या हातात. चौथ्या दिवशी सकाळी शेवटचा टाका घालून तिने गोधडी पलंगावर पसरली आणि कपाळावर हात मारला.

"अहो! इकडे या आधी!"

नवरा दाढीचा फेस तसाच घेऊन आला. "काय झालं? छान तर आहे."

"छान काय? तिसांतल्या पंधरा उजवीकडे फिरतायत, पंधरा डावीकडे! घाईत घडी घालून कापलं मी."

"फिरतायत ना? मग झालं तर."

"तुम्हाला मेलं काही कळत नाही!"

उसवायला वेळ होता कुठे? अकराला पट्टी काढायची होती. काकूने गोधडी पिशवीत कोंबली आणि जवळजवळ पळतच दवाखाना गाठला. जाऊबाई खुर्चीत ताठ बसलेल्या, त्यांचा मुलगा शेजारी उभा. काकूने गोधडी समोरच्या रिकाम्या खाटेवर अंथरली. नर्सनेच एक टोक धरलं.

डॉक्टरांनी हळूहळू पट्टी सोडली. "सावकाश उघडा. काही दिसतंय?"

जाऊबाईंनी डोळा किलकिला केला. मिटला. पुन्हा उघडला. नवस बोलताना काकूने माहेरच्या देवापासून सासरच्या देवापर्यंत कुणाला म्हणून सोडलं नाही.

जाऊबाई पुढे वाकल्या. कपाळावर आठी चढली.

"घडी घालून कापलंस ना गं, रांडेचे?"

"दिसलं!" काकू एवढ्याने ओरडली की बाहेरच्या रांगेतली माणसं दारात डोकावली. "डॉक्टर, जाऊबाईंना दिसलं! उलटं पातं दिसलं! अहो, शिवी दिली मला!"

डॉक्टरांना कळेना, अभिनंदन नक्की कुणाचं करायचं. मुलगा हसतही होता नि डोळेही पुसत होता.

"हसता काय?" जाऊबाई म्हणाल्या. "घरी जाऊन आधी उसव ते."

"उसवते, सगळं उसवते!" काकूने त्यांच्या गळ्याला मिठी मारली.

"डोळ्याला लागेल, बाजूला हो. किती चुकल्यात?"

"पंधरा, जाऊबाई."

"तुझ्या मोजण्यावर माझा भरवसा नाही. सरक तिकडे, दिसू दे मला." आणि बोट पुढे करून जाऊबाईंनी वरच्या कोपऱ्यापासून मोजायला सुरुवात केली.